घरी सायलेन्सर बसवायला शिका, पण त्याचा धंदा करण्याआधी हे वाचा



सायलेन्सर बदलायचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरच्या पार्किंगमध्ये हे काम सुरू करू का? किती सुटतील?" व्हिडिओत पाना फिरताना दिसतो, हिशोब दिसत नाही. म्हणून आज काम आणि हिशोब दोन्ही लिहून सांगतोय.

आधी सिडकोतल्या एका तरुणाची गोष्ट. हात चांगला, वेल्डिंग येतं. एका गिऱ्हाईकानं येऊन सांगितलं, "गाडीला जरा आवाज पाहिजे." याने मूळ डबा काढला आणि बाजारातला फ्री-फ्लो बसवला. बिल साडेनऊ हजार, त्यात याची मजुरी बाराशे. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक चलान घेऊन दारात हजर. म्हणे, "तू बसवलंस, आता तूच काढ. आणि माझे पैसे परत दे." मूळ डबा तर आधीच भंगारात गेलेला. शेवटी चार हजारांवर मांडवली झाली. बाराशे कमवायला गेला आणि खिशातून अठ्ठावीसशे घालवून बसला. वर गल्लीत नाव खराब झालं ते वेगळंच.

या मुलाचं काम वाईट नव्हतं. बसवलेला डबा कुठेही गळत नव्हता. चूक झाली ती काम निवडण्यात. आजचा मुद्दा तोच आहे.

गाडीखाली नेमकं काय काय असतं?

आपण सगळ्याला सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो. पण इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत वेगवेगळे भाग असतात, आणि धंदा करायचा तर प्रत्येकाचं काम माहीत पाहिजे.

इंजिनला चिकटून मॅनिफोल्ड. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मेकॅनिक मंडळी ज्याला 'कॅटकॉन' म्हणतात. याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साईड आणि अर्धवट जळलेलं इंधन यांचं रूपांतर इथे कार्बन डायऑक्साईड आणि पाण्यात होतं, तर नायट्रोजनच्या ऑक्साईडचा साधा नायट्रोजन होतो. कॅटकॉनच्या आगेमागे ऑक्सिजन सेन्सर असतात. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. मग मधला पाइप, काही गाड्यांत रेझोनेटर, आणि सगळ्यात मागे मफलर, म्हणजे आपला 'मागचा डबा'.

हा डबा आवाज कसा मारतो? आत कप्पे आणि भोकाभोकांच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा कप्प्यांत आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. काही डब्यांत काचेची लोकरही भरलेली असते, ती आवाज शोषून घेते. फ्री-फ्लोमध्ये हे कप्पे कमी किंवा नसतातच, म्हणून आवाज वाढतो. "पॉवर वाढली" असं जे वाटतं ते बहुतेक कानाला वाटतं. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. नुसता मागचा डबा बदलून हाताला जाणवेल असा फरक सहसा पडत नाही.

डबा सडतो का? इथेच धंदा आहे

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी टोकातून टपटप पाणी पडतं ते हेच. लांब प्रवासात डबा तापतो आणि वाफ बाहेर निघून जाते. पण मुलांना शाळेत सोडलं, भाजी घेतली, घरी आले, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा पुरता तापतच नाही. पाणी आतच राहतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि डबा आतून सडत जातो. बाहेरून गंज दिसेपर्यंत आत पोकळ झालेला असतो.

आता नाशिकचा विचार करा. शहरात गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथल्या छोट्या फेऱ्यांच्या गाड्या. बाहेर निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांमधले कच्चे रस्ते, लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअप. तिथे डबा सडण्याआधी हँगरचे रबर तुटतात, पाइप दगडाला लागतो. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीचा पाऊस आहेच. या माणसांना आवाज नको आहे. त्यांना खडखड आणि भसभस बंद झालेली हवी आहे. असं गिऱ्हाईक भांडत नाही, आणि काम नीट झालं तर शेजाऱ्यालाही घेऊन येतं.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

'आफ्टरमार्केट' म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, बाजारातून घेतलेला भाग. त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, मूळ मापाचा आणि मूळ भागाचंच काम करणारा बदली डबा. दुसरा, आवाज वाढवण्यासाठी विकला जाणारा. पहिल्यात धंदा करा. दुसऱ्यात का नाही, ते कायद्याच्या भाषेत बघू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १९०(२) खाली आवाजाचे आणि धुराचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला कारखान्यातून निघताना ७४ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल हे किलोसारखं माप नाही बरं का. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो.

महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. कारवाईत आधी दुचाक्या येतात, पण कायदा कारलाही तोच लागू आहे.

आणि कॅटकॉन काढून नुसता पाइप जोडायचं काम कधीही घेऊ नका. गिऱ्हाईक म्हणेल, "चोक झालाय, काढून टाक, स्वस्तात होईल." त्याने चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीला गाडी अडकू शकते आणि विषारी धूर थेट रस्त्यावर जातो. कॅटकॉन खरंच चोक असेल तर त्याला नवा बसवायला सांगा, किंवा सर्व्हिस सेंटरला पाठवा.

पहिलं काम स्वतःच्या गाडीवर

गिऱ्हाईकाच्या गाडीवर शिकू नका. स्वतःच्या, भावाच्या किंवा मित्राच्या जुन्या गाडीचा मागचा डबा बदला. क्रम असा:

१. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हे विसरलात तर बोल्ट तुटणार आणि तासभर जाणार.

२. गाडी पूर्ण थंड हवी. सपाट, पक्की जमीन. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा.

३. जॅकने मागची बाजू उचला आणि दोन्ही बाजूंना घोडी लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवायची नाही, वीट अचानक फुटते. या एका गोष्टीत जुगाड चालत नाही.

४. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. नवा डबा जुन्याशेजारी ठेवून लांबी, पाइपचा व्यास, फ्लँजची भोकं आणि हँगरच्या जागा जुळतात का ते बघा. एक जरी जुळत नसेल तर डबा परत करा.

५. डब्याखाली लाकडाचा आधार द्या, मग नट सोडा. डोळ्यांना चष्मा लावाच, गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात. हँगरचं रबर निघत नसेल तर साबणाचं पाणी लावा.

६. नवं गॅस्केट, नवे नट-बोल्ट. जुनं गॅस्केट पुन्हा वापरून वीस-तीस रुपये वाचतील, पण गाडी परत येईल. रबराला चिरा असतील तर तेही नवं टाका.

७. डबा आधी रबरांवर टांगा. सगळे नट हातानेच बसवा. बॉडी, ॲक्सल, ब्रेकची आणि इंधनाची नळी यांपासून निदान दोन बोटं अंतर आहे का बघा. मग पुढून मागे, आळीपाळीने घट्ट करा. आधीच एक बाजू करकचून आवळली तर डबा वाकडा बसतो आणि गाडी उभी असताना खडखडतो.

८. आता गाडी उघड्यावर सुरू करा. सांधा तापायच्या आत त्यावर साबणाचं पाणी मारा. फुगे आले तर गळती आहे.

९. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, थंड होऊ द्या आणि नट पुन्हा तपासा. एकदा तापून निवल्यावर ते थोडे सैल पडलेले असतात.

बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. गाडीखालची गळतीही हा वायू केबिनमध्ये आणू शकते. म्हणून "थोडंसं गळतंय, चालेल" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी तुम्ही म्हणायचं नाही.

वेल्डिंग लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, नाहीतर कॉम्प्युटर उडू शकतो. अर्थची पकड वेल्डच्या जवळ लावा. इंधनाची टाकी कुठे आहे ते बघा, आणि अग्निशामक सिलेंडर हाताच्या अंतरावर ठेवा. डब्याच्या तळाला बारीक भोक दिसलं तर ते बुजवू नका. ते पाणी निघायला मुद्दाम ठेवलेलं असतं.

एक शेवटची गोष्ट. नवा डबा पहिल्यांदा तापताना कारखान्याचं तेल जळून थोडा वेळ धूर येतो. हे गिऱ्हाईकाला *आधी* सांगा. आधी सांगितलं तर ती माहिती असते. धूर निघाल्यावर सांगितलं तर त्याला ती सबब वाटते.

आता हिशोब

आकडे समजायला घेतोय. तुमच्या भागातले भाव तुम्ही स्वतः दोन-तीन दुकानांत फिरून लिहून काढा.

समजा गिऱ्हाईकाकडून ४,५०० घेतले. डबा २,८००, गॅस्केट, रबर, नट मिळून ३५०. उरले १,३५०. माल आणायचं पेट्रोल, कटिंग डिस्क, तेल, वीज मिळून २०० धरा. हातात १,१५०. माल आणण्यापासून गाडी देईपर्यंत तीन तास गेले, म्हणजे ताशी सुमारे ३८३ रुपये. बरं वाटतंय ना?

आता तीच गाडी "आवाज येतोय" म्हणून परत आली आणि आणखी एक तास फुकट गेला. ताशी २८७ झाले. एका सैल नटाने तुमची चौथाई कमाई खाल्ली. म्हणून नववी पायरी वगळायची नाही.

पुढे जा. गाळ्याचं भाडं ८,००० आणि कर्जाचा हप्ता ५,००० धरला तर महिन्याला १३,००० आधी निघायला हवेत. भागिले १,१५०. म्हणजे महिन्याचं बारावं काम होईपर्यंत तुम्ही घरमालकासाठी आणि बँकेसाठी राबताय. रोज एक काम, पंचवीस दिवस धरले तर हातात १५,७५०. रोज दोन झाली तर ४४,५००. दुसरं काम रोज येईल याची खात्री होईपर्यंत गाळा घेऊ नका, असं मी सांगतो ते यासाठी.

मग घरूनच करायचं का?

सुरुवातीला बोल्टवर बसणारी कामं, जिथे ग्राइंडर लागत नाही, ती स्वतःच्या जागेत जमतात. पण रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ग्राइंडर लावला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सोसायटीत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. घरच्या मीटरवर धंदा चालेल का, ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. चालू गॅरेजवाल्याशी बोला. अनेक गॅरेजवाले सायलेन्सरचं काम टाळतात, कारण ते घाण आणि वेळखाऊ असतं. त्यांच्या जागेत, त्यांच्या गाड्यांवर, कामामागे ठरलेली मजुरी. भाडं शून्य, गिऱ्हाईक तयार.

हात पक्का करायला नाशिकसारखी जागा नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, एक्झॉस्ट सिस्टिम बनवणाऱ्या शारदा मोटर इंडस्ट्रीजचं युनिट नाशिकला आहे, आणि सातपूर-अंबडमध्ये पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे लहान-मोठे कारखाने आहेत. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर आणि मोटर मेकॅनिकचं शिक्षण मिळतं. सहा महिने एखाद्या शॉपमध्ये पगारावर काम केलंत तरी पातळ पत्रा न जाळता वेल्ड करायला शिकाल. आणि शिकताना पैसेही मिळतील.

कागदपत्रं: उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. माल आणि मजुरी दोन्ही विकताय, त्यामुळे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. लक्षात घ्या, उलाढाल म्हणजे पूर्ण ४,५००, तुमचे १,१५० नाही. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत मिळतं. मोठ्या गाळ्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचे आजचे निकष विचारा. पण कर्ज पहिल्या दिवशी नको.

२०२७ चा सिंहस्थ येतोय, गाड्यांची गर्दी होणार, म्हणून "आत्ताच मोठं टाकू का" असंही काही जण विचारतात. कुंभमेळा संपतो, पण हप्ता संपत नाही. धंदा निफाडच्या पिकअपवर उभा करा. कुंभात जे मिळेल ते वरचं समजा.

जुना माल: इथे जपून

काढलेला जुना डबा गिऱ्हाईकाचा असतो. त्याला विचारा, नको असेल तर बिलावर तसं लिहून घ्या. आणि कुणी अनोळखी माणूस जुने कॅटकॉन स्वस्तात विकायला आला तर हात जोडा. आतल्या धातूंसाठी ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये पकडल्या गेल्या आहेत. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. दोन हजारांच्या फायद्यासाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?

नाही म्हणायची तयारी

"आवाज वाढवून दे" म्हणणारा येणारच, आणि कदाचित महिन्यातलं सगळ्यात मोठं बिल तोच देऊ करेल. नुसतं 'नाही' म्हणून त्याला पाठवू नका. असं बोला: "दादा, आवाजाचं काम मी करत नाही, उद्या दंड तुम्हाला होईल. पण गाडी वर घेतलीच आहे तर रबर आणि सांधे बघून देतो." दहांतले दोन-तीन थांबतील. बाकीचे जातील, जाऊ द्या.

सिडकोचा तो मुलगा आता हेच करतो. एका गॅरेजवाल्याकडे जागा घेतली आहे, ठरलेल्या मजुरीवर. दुकानावर बोर्ड नाही, पण बिलबुकाच्या प्रत्येक पानावर त्याने एक ओळ छापून घेतली आहे: 'मूळ मापाचाच डबा बसवला जाईल.' परवा त्याचा फोन आला होता. आवाजाचं काम मागणारे तीन जण परत पाठवले म्हणाला, आणि त्यातला एक वडिलांची बोलेरो घेऊन पुन्हा आला. डबा गळत होता.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: तीन दुकानांतून एकाच गाडीच्या मागच्या डब्याचे भाव आणा, जवळच्या दोन गॅरेजवाल्यांना भेटा, आणि वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. तुमचं 'कितवं काम' येतंय ते काढा. तो आकडा वहीत लिहिल्याशिवाय एक रुपयाचंही हत्यार विकत घेऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.